काटा बसला तेव्हा

पाम बीच रस्त्याच्या एका अंगाला सारसोळे गाव आणि नेरुळच्या इमारती, दुसऱ्या अंगाला तिवरांचं रान. त्या रानातून वाट काढत गेलं की सारसोळ्याची जेट्टी लागते. ओहोटीला खाडी मागे सरते, चिखल उघडा पडतो आणि त्यातून हजारो टोकं वर आलेली दिसतात, कुणी ओल्या मातीत पेन्सिली उभ्या रोवून ठेवाव्यात तशी. ती तिवरांची श्वसनमुळं. खाडीच्या गाळात हवा शिरत नाही, म्हणून झाडानं आपली मुळंच उलटी वर धाडली. गाळ भेदून ती बाहेर आली आणि उघड्यावर श्वास घेऊ लागली. मला ती नेहमी थांबवतात. भेदणं म्हटलं की आपल्याला जखम आठवते, आणि इथे एक अख्खं रान भेदण्यावर जगतं आहे.

जानेवारीतल्या एका सकाळी तिथे नुकतीच होडी लागली होती. पाटीत कोळंबी, दोन-चार चिंबोऱ्या आणि वर करड्या पाठीचा, मिशा असलेला एक गुळगुळीत मासा. मी तो नीट पाहायला बोटानं सरळ करू लागलो.

“हात नको लावू, शिंगाला हाय तो,” पाटीपाशी बसलेल्या कोळीण मावशी म्हणाल्या, पण तोवर बोट मागे आलं होतं. टोकावर रक्ताचा एक थेंब. मावशींनी पकड घेतली, माशाच्या पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांमागचा काटा कटाकट मोडला आणि मग माझ्याकडे पाहिलं. “बसला ना काटा? आता रातभर सलंल.”

एवढंसं वाक्य, पण त्यात दोन क्रियापदं होती आणि दोन्ही अचूक होती. काटा बसला तो एका क्षणात. सलणार होता तो रात्रभर. मावशींनी वेदनेचे दोन काळ वेगळे केले होते, आणि शरीरशास्त्र ते तसेच वेगळे करतं हे मला घरी परतताना आठवलं. तेव्हापासून टोचण्याचे मराठी शब्द माझा पिच्छा सोडत नाहीत.

आधी त्या काट्याविषयी. शिंगाळ्याचं नावच शिंगावरून पडलेलं. त्याला तीन मुख्य काटे असतात: एक पाठीवर, दोन बाजूच्या परांना. धोका वाटला की तो हे काटे ताठ उभे करतो आणि सांध्याशी अशा खुबीनं अडकवतो की नुसतं दाबून ते खाली बसत नाहीत. म्हणून शिंगाळा गिळायला आलेल्या मोठ्या माशाच्या घशात तो उभा काटा होऊन राहतो. काट्याच्या कडेला बारीक दाते असतात आणि वर पातळ कातडीचा थर, ज्यात विष तयार करणाऱ्या पेशी असतात. काटा घुसताना ती कातडी फाटते आणि विष जखमेत उतरतं. हे विष प्रथिनाचं, त्यामुळे उष्णतेनं बिघडतं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात बोट बुडवून ठेवण्याचा इलाज डॉक्टरही सांगतात. पाखटाच्या शेपटीच्या काट्यालाही हाच इलाज लागू पडतो, फक्त पाखटाची जखम मोठी असते आणि तिथे दवाखाना गाठावाच लागतो.

पण विष बाजूला ठेवलं तरी नुसत्या टोकाची करामत थक्क करणारी आहे. बोटाचं पेर टेबलावर दाबलं तर साधारण एक चौरस सेंटिमीटर जागेवर जोर पडतो. तोच जोर एक दशांश मिलिमीटर लांबी-रुंदीच्या टोकावर एकवटला, तर दाब दहा हजार पट होतो. जोर वाढलेला नाही, फक्त जागा कमी झाली. शाळेत दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे सूत्र आपण पाठ करतो आणि पेपरात लिहून मोकळे होतो. गुलाब, बाभूळ, विंचू, डास, शिंगाळा यांनी ते अंगात मुरवलं आहे. निर्बळाला बलवानाच्या कातडीपार जायचं असेल तर त्यानं बळ वाढवायचं नसतं, टोक बारीक करायचं असतं.

आता कातडीच्या आत काय घडतं ते पाहू. टोचल्याची वार्ता मेंदूकडे नेणारे मज्जातंतू मुख्यतः दोन जातींचे. एक जात पातळ वेष्टनाची, तिच्यातून संदेश सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगानं धावतो. दुसरी विनावेष्टनाची, तिचा वेग जेमतेम अर्धा ते दोन मीटर, म्हणजे माणसाच्या चालीइतका. त्यामुळे पायात काटा मोडला की आधी लख्ख, नेमकी, कुठे लागलं ते बोट ठेवून सांगता येईल अशी कळ येते. पाय उचलला जातो. आणि मग, जवळजवळ एका सेकंदानं, मागून दुसरी वेदना चालत येते: बोथट, पसरट, जळजळीची, जिची हद्द आखता येत नाही. वैद्यकात त्यांना पहिली आणि दुसरी वेदना म्हणतात. पुढच्या वेळी ठेच लागली तर लक्ष ठेवा, मधली ती क्षणभराची शांतता स्पष्ट कळते.

मराठी क्रियापदं याच दोन वेदनांच्या मधल्या आणि पलीकडच्या जागा भरत जातात. टोचतं ते टोक, आत शिरो वा न शिरो. रुततं ते शिरतं आणि तिथेच राहतं. बोचतं ते बाहेरूनच पुन्हा पुन्हा लागतं, सदऱ्याच्या कॉलरीतल्या लेबलासारखं. थंडी बोचरी असते ती यामुळेच, ती आत कधी शिरत नाही, पण सोडतही नाही. खुपतं ते डोळ्यात, आणि पापणी मिटली की जास्त. झोंबतं ते जखमेवर. भोसकतं ते शस्त्र, त्यामागे हात आणि हेतू असतो. आणि सलतं ते, जे बाहेरून दिसेनासं झालं आहे.

हीच क्रियापदं मनाकडे वळवून पाहा, एकही जागा बदलावी लागत नाही. शेजाऱ्याचं सुख खुपतं, कारण ते डोळ्यासमोर असतं. टोमणा टोचतो, लगेच. सत्य झोंबतं, म्हणजे तिथे आधीच जखम होती. गरिबी बोचते, रोज, वरवरून. आईला शेवटचं भेटायचं राहिलं हे सलतं. वीस वर्षांनीही सलतं. “आईची भेट राहिली हे मला बोचतं” असं कुणी म्हणालं तर व्याकरण चुकत नाही, पण ऐकणाऱ्याला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. कुणी शिकवलेलं नसताना काट्याची खोली आणि त्याचा मुक्काम आपल्याला ठाऊक असतो. अलंकार म्हणजे भाषेवर चढवलेला दागिना ही व्याख्या मला इथे अपुरी वाटते. हा दागिना नव्हे, हे शरीराचं ज्ञान आहे.

सल हा शब्द आला आहे संस्कृत शल्य या शब्दावरून. शल्य म्हणजे बाणाचं टोक, काटा, शरीरात घुसून राहिलेली परकी वस्तू. ती काढण्याची विद्या ते शल्यतंत्र, आणि म्हणून आजही ऑपरेशन म्हणजे शल्यक्रिया आणि जिल्हा रुग्णालयाचे प्रमुख म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक. सुश्रुतसंहितेत यंत्रांचा, म्हणजे चिमटे आणि पकडींचा विचार सुरू होतो तिथे शल्य कशाला म्हणावं हे सांगितलेलं आहे: जे मनाला आणि शरीराला पीडा देतं ते. मन आणि शरीर, दोन्ही एकाच व्याख्येत. चिमटीनं काढायच्या वस्तूच्या व्याख्येत सुश्रुताच्या परंपरेनं मन आधी घेतलं, याचं नवल मला ओसरत नाही. शूळ या शब्दाचंही तसंच. शूळ म्हणजे भाला, सूळ; आणि पोटशूळ म्हणजे पोटात भाला खुपसल्यासारखी कळ.

कळ कशी आहे हे सांगायला उपमा लागते, हे डॉक्टरांना फार आधीपासून ठाऊक होतं. १९७५ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक यांनी त्याची रीतसर प्रश्नावलीच केली. वेदनेची ७८ विशेषणं, २० गटांत लावलेली. रुग्णानं आपली वेदना त्यातून निवडायची. एक अख्खा गट टोकदार वेदनेचा आहे: सुई टोचल्यासारखी, भोक पाडल्यासारखी, गिरमिट फिरवल्यासारखी, भोसकल्यासारखी, भाल्यानं चिरत गेल्यासारखी. आपल्याकडे ओपीडीच्या बाकावर कोणी प्रश्नावली देत नाही, पण तिथे कान देऊन बसलं की हीच वर्गवारी ऐकू येते. सुया टोचल्यासारखं होतं, चमक निघते, कळ येते, ठणकतं, ठसठसतं, चुरचुरतं. ही तक्रार नव्हे, निदानाची अर्धी वाट आहे. ठसठसतं म्हटलं की आत पू झाल्याचा संशय येतो आणि चमक म्हटलं की शिरेचा.

टोचण्याचं दुःख सांगणारे शब्द एवढे असताना, टोचण्यातून डोळे उघडणारा शब्दही मराठीनं जपला आहे. तो शब्द वेध.

संस्कृत व्यध् म्हणजे भोसकणं, आरपार जाणं. त्यातून विद्ध, वेध, आणि मराठीत विंधणं. त्याचं सगळ्यात कोवळं रूप बाळाच्या कानापाशी भेटतं: कर्णवेध. सुश्रुतसंहितेत कान टोचण्यावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात एक सुंदर सूचना आहे. कानाची पाळी ओढून उन्हात धरावी आणि सूर्यकिरण जिथून पार दिसतात त्या निसर्गानंच ठेवलेल्या जागी सुई घालावी. तिथे शीर नसते. सोनारानं कान टोचले म्हणजे दुखत नाही असं आपण म्हणतो, ते त्या जागा ओळखणाऱ्या हाताविषयी. पुढे तीच म्हण समज देण्यालाही लागू झाली: बोलणं तेच, पण कुणाच्या तोंडून आलं यावर ते दुखतं की नाही हे ठरतं.

कानाच्या पाळीतून हा शब्द जमिनीत शिरला. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगावी यंत्रानं खोल भोकं घेतली गेली, त्यांना सरकारी मराठीत विंधण विहीर म्हणतात. बोअरवेलपेक्षा मला तो शब्द जास्त आवडतो, त्यात खडक फुटल्याचा आवाज आहे.

आणि जमिनीतून तो आकाशात गेला. धनुर्धारी निशाण भेदतो तसा पाहणारा ताऱ्याला नजरेनं भेदतो, म्हणून पाहणं म्हणजे वेध घेणं आणि पाहण्याची जागा म्हणजे वेधशाळा. कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली उभी राहिली. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या तेव्हा विजेच्या प्रवाहानं चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. वेध घेणारी सुई इतकी हळवी असते की तिला ट्रामसुद्धा सोसत नाही. सारसोळ्याच्या खाडीतून बाहेर जाणारा कोळी आज वेधशाळेचा इशारा मोबाइलवर पाहतो. ‘वेधशाळा’ या शब्दात धनुष्य ताणलेलं आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि तरी ते ताणलेलं आहे.

ग्रहण लागायच्या आधी वेध लागतात. पालखी निघण्याआधी वारकऱ्याला पंढरीचे वेध लागतात. कोळीवाड्याला श्रावणात नारळी पौर्णिमेचे. इथे तर टोक उलटं फिरलं आहे: आपण कशाचा वेध घेत नाही, येणारी गोष्टच आपल्याला आधी येऊन टोचते. काळाला टोक असतं आणि ते दिवसाच्या पुढे चालतं, ही कल्पना कुण्या एका कवीची नाही, ती रोजच्या बोलण्यात पडलेली आहे.

विधानसभेत आमदार लक्षवेधी सूचना मांडतात. हे दोन शब्द सावकाश सोडवून पाहा. लक्ष म्हणजे नेम धरायची खूण. वेध म्हणजे आरपार जाणं. आणि सूचना ज्या सूच् धातूवरून येते, तो सूची म्हणजे सुई या शब्दावरून बनला असं कोशकार मानतात. सुईनं बोट दाखवावं तशी सूचना, आणि तशीच नावं दाखवणारी पुस्तकामागची सूची. नेम, बाण, सुई: विधिमंडळाच्या कामकाजातल्या एका कोरड्या नावात टोचायची तीन हत्यारं शेजारी शेजारी ठेवलेली आहेत.

हे फक्त आपल्याच भाषेत घडलं असतं तर मी त्याला योगायोग म्हटलं असतं. पण रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे या. पंक्चर हा शब्द आता मराठीच आहे. सायकलचं पंक्चर काढतात, फुगलेल्या माणसाचीही हवा जाते. त्याचं मूळ लॅटिन पुंगेरे, म्हणजे टोचणं. त्याच टोचण्यातून पॉइंट आला, म्हणजे टोक, मग बिंदू, मग मुद्दा. त्यातूनच पंक्चुअल, वेळेच्या टोकावर नेमका हजर असलेला माणूस. त्यातूनच पंक्चुएशन, कागदावर टोचलेली चिन्हं. मराठीला ती १९व्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीनं नीट मिळाली, त्याआधीच्या मोडी कागदात शब्द सलग वाहत असत. अ‍ॅक्युपंक्चरमध्ये तर सुई आणि टोचणं दोन्ही आहेत. आणि त्याच घरातला पॉइग्नंट. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या इंग्रजीत तो शब्द झणझणीत रश्शासाठी वापरलेला दिसतो. आज तो डोळ्यांत पाणी आणणाऱ्या प्रसंगासाठी राखलेला आहे. जिभेवरून काळजापर्यंत यायला त्याला काही शतकं लागली.

पॉइग्नंटचं मराठी आपण सवयीनं हृदयस्पर्शी करतो. ते मला पटत नाही. स्पर्श टोकाचा नसतो. आपल्याकडे असा प्रसंग टोचत नाहीच, तो चटका लावून जातो. मराठीत गोड दुःख भाजतं. टोचतो तो अपमान, आणि टोचणी लागते ती केलेल्या चुकीची. ही चुकीची टोचणी मात्र इंग्रजीलाही ठाऊक आहे. पश्चात्तापाला तिथे कम्पंक्शन म्हणतात, आणि त्याच्या पोटात पुन्हा तेच पुंगेरे.

दुपारी घरी शिंगाळ्याचं कालवण झालं. मसाला आगरी-कोळी, लालभडक. तिखट हा शब्द तीक्ष्णवरून आलेला, म्हणजे मूळचा धारेचा, टोकाचा. इंग्रजीतला पंजंटही पुंगेरेचाच. तीक्ष्ण ज्या तिज् धातूवरून येतो त्यातूनच तेज आलं, म्हणजे सूर्याचं तेज ही मुळात पाजळलेली धार. तितिक्षाही त्यातूनच, ती धार सोसण्याची शक्ती. मिरची पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली. त्याआधी आपलं तिखट मिरीचं होतं. पण जिभेला काहीतरी टोचतं आहे हे भाषेला तेव्हाच कळलं होतं. विज्ञानाला त्याचा पुरावा मिळाला १९९७ मध्ये, जेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं मिरचीतलं कॅप्सेसिन कुठल्या ग्राहक प्रथिनाला जाऊन चिकटतं ते शोधलं. ते प्रथिन चवीचं निघालं नाही. साधारण ४३ अंशांपुढची भाजणारी उष्णता ओळखणारं, वेदनेच्या मज्जातंतूंवर बसलेलं ते एक दार होतं. मिरीतलं पिपेरिनही तेच दार उघडतं. २०२१ चं नोबेल ज्युलियस यांना अर्डेम पटापुटियन यांच्याबरोबर विभागून मिळालं. पटापुटियन यांनी दाब आणि स्पर्श ओळखणारी प्रथिनं शोधली होती. तिखट ही चव नव्हे, वेदना आहे. तिखट झोंबतं असं म्हणणाऱ्या प्रत्येक आजीनं ते शब्दशः खरं सांगितलं होतं.

मग जे शब्द झोंबतात, तेही शब्दशः झोंबतात का? २००३ मध्ये कॅलिफोर्नियात नेओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी एक साधा खेळ मांडला. संगणकाच्या पडद्यावर तिघं एकमेकांकडे चेंडू फेकताहेत; खेळणाऱ्याला वाटतं बाकी दोघं खरी माणसं आहेत. काही वेळानं ती दोघं त्याला चेंडू देणं बंद करतात. एवढंच. त्या क्षणी मेंदूच्या चित्रात मधल्या भागातला असा एक पट्टा उजळला, जो शरीराच्या वेदनेतही उजळतो. पुढच्या काही संशोधनांनी दाखवलं की दोन्ही वेदनांचे बारीक नमुने एक नाहीत, आणि हा वाद अजून चालू आहे. मला तो वाद मराठीच्या अंगानं जाणारा वाटतो. मनातला सल आणि बोटातला सल यांना आपण एकच शब्द दिला, पण बोटातला गरम पाण्यानं उतरतो आणि मनातला उतरत नाही, हेही आपण कधी विसरलो नाही.

मावशींचं खरं ठरलं. मध्यरात्री बोट ठणकत होतं आणि मी गॅलरीत उभा होतो. खाडीच्या बाजूला, पश्चिमेकडे मृग कललेला होता. चार पायांचे चार तारे आणि पोटाशी ओळीत तीन. हे तीन तारे म्हणजे हरणाच्या अंगात घुसलेला बाण, आणि थोडं मागे तो मारणारा व्याध, आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. व्याध हे नावही व्यध् धातूचंच, विंधणारा. ऐतरेय ब्राह्मणात ही गोष्ट आहे: हरणाचं रूप घेतलेल्या प्रजापतीला तीन कांडांच्या बाणानं विंधलं. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ओरायन’ ग्रंथात वेदांचा काळ ठरवण्यासाठी याच हरणाचा आधार घेतला. नक्षत्रांच्या सरकत्या जागांवरून त्यांनी इसवी सनापूर्वी सुमारे चार हजार वर्षांपर्यंत गणित मागे नेलं. बाण लागलेलं ते जनावर त्यांना घड्याळाच्या काट्यासारखं उपयोगी पडलं.

व्याधाचा प्रकाश इथे यायला साडेआठ वर्षं लागतात. मी बोट गरम पाण्याच्या वाटीत धरलं आणि मृग खाडीत उतरेपर्यंत पाहत राहिलो. ओहोटी लागली होती, खाली काळोखात तिवरांची टोकं पुन्हा उघडी पडली असणार. बाण हरणाच्या अंगात तसाच होता.